गाड्यांच्या साच्यातलं वधू-वर सूचक केंद्र

जळगावात नव्या पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली, 'वेबसाइट बनवून व दुरुस्त करून मिळेल.' पहिलं गिऱ्हाईक असोद्याकडचे एक भाऊ होते. टोपी काढून ठेवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साइट रोडला लागून आहे का आतमधी?" त्यांना प्लॉट हवा होता. मी समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना विचारलं, "म्हणजे एन.ए. झालेली नाही?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून येणारी किरकिर आणि मग, नशीब असेल तर, वरून खाली हळूहळू उलगडत जाणारं चित्र. तरी वेबसाइट हवी असणारी माणसं होती. एका सराफांची मी साइट केली. दुकान दुपारी बंद असतं, तर साइटही दुपारी बंद ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. अमावस्येला तर नकोच. "शटर खाली आणि आत माणसं बघतायत, हे बरं दिसत नाही." शिवाय साइटचा पिवळा रंग त्यांना सोन्याचा वाटेना. त्यांनी पाटली आणून माझ्या पडद्याला लावली आणि म्हणाले, "असा." मी तसा केला. मग ते तीच पाटली घेऊन त्यांच्या भाच्याकडच्या कॉम्प्युटरला लावून आले आणि म्हणाले, "तिथं खोटं दिसतंय." भाच्याचा पडदा जुना होता, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

पण माझं खरं काम नव्या साइटी करण्याचं नव्हतंच. पाटीवरच्या 'दुरुस्त करून' या दोन शब्दांनी मला जगवलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेबसाइट पहिल्यापासून घडवायला वेळ लागतो. म्हणून रेडिमेड साचे मिळत, त्यांना थीम म्हणत. परदेशातल्या कोणीतरी रंग, चौकटी, बटणं, शोधायची सोय असं सगळं तयार करून ठेवलेलं असे. आपण त्यात आपलं नाव आणि आपली चित्रं घालायची. इथवर सोपं आहे. पण गिऱ्हाइकाला साचा कधीच जसाच्या तसा चालत नाही. मग हौशी माणूस काय करतो, तर साच्याच्या मूळ फायली उघडतो आणि त्यांच्यावरच गिरवतो. त्या दिवशी साइट सुंदर दिसते. पुढे साचा विकणारा नवी, सुधारलेली आवृत्ती काढतो. ती चढवली की जुन्या फायलींच्या जागी नव्या बसतात आणि आपण गिरवलेलं सगळं पुसून साचा मूळच्या रूपात उभा राहतो. चढवली नाही तर जुन्या साच्यातली, कुणीही आत शिरू शकेल अशी भोकं तशीच राहतात. दोन्हीकडून अडचण. मी आयुष्यभर या एका अडचणीवर पोट भरलं. त्यातली एक गोष्ट मात्र अशी आहे, की अजून कोणाला सांगितली तर मी बनवून सांगतेय असं वाटतं.

तायडे नाना दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि भुसावळात त्यांनी बौद्ध समाजासाठी वधू-वर सूचक केंद्र काढलं. नोंदणी मोफत, पण अट एकच. हुंडा घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं, दोघांचंही नाव ते लावून घेत नसत. या अटीपायी काही नातेवाईक त्यांच्याशी बोलायचे बंद झाले होते आणि नानांना त्याचा अभिमान होता. त्यांचे जावई पुण्यात कॉम्प्युटरमध्ये होते, राजेश त्यांचं नाव. सासऱ्यांचं काम जगभर पोचावं म्हणून त्यांनी हौसेनं, स्वतःच्या सुट्ट्या घालवून केंद्राची वेबसाइट करून दिली होती. इंग्रजीत होती, कारण तेव्हा मराठी दिसायचं तर बघणाऱ्याला आधी मराठी अक्षरांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे.

एके दिवशी सकाळीच नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का जिना चढून वर आले. नाना खुर्चीत बसले आणि कपाळावर हात ठेवून म्हणाले, "ताई, आमच्या पोरींना भाव लागला."

मी साइट उघडली. पहिलीच नोंद अमळनेरच्या सुशीलाची होती. फोटोत काठापदराच्या साडीतली हसरी मुलगी. शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं: मॉडेल, एकाहत्तर. रंग, गव्हाळ. इंधन, मिश्र. दारं, दोन. आधीचे मालक, एक. किंमत, बोलून ठरवू. आणि फोटोवर तिरपी लाल पट्टी, 'विकली गेली'.

काय झालं ते समजायला मला वेळ लागला नाही, पण विश्वास बसायला वेळ लागला. नोंदी ठेवायच्या, शोधायच्या, फोटो लावायचे, अशी सोय असलेला साचा त्या काळी वधू-वरांसाठी कुठून मिळणार? राजेशरावांना मिळाला तो जुन्या मोटारी विकणाऱ्यांचा. त्यांनी त्यातले शब्द बदलले. 'मॉडेल'च्या जागी जन्मसाल. 'इंधना'च्या जागी आहार. 'दारं' होती तिथं बहिणींची संख्या, 'आधीचे मालक' होतं तिथं भावांची. 'किंमत' काढून 'अपेक्षा' आणि 'विकली गेली'च्या जागी 'लग्न ठरले'. खरं सांगायचं तर डोकं चांगलंच चालवलं होतं. फक्त सगळे शब्द साच्याच्या मूळ फायलींवर गिरवले होते. आता साच्याची नवी आवृत्ती आली होती आणि त्यांनी ती चढवली होती. आकडे नानांनी भरलेले तसेच राहिले, शब्द मोटारींचे परत आले.

"जावयांना फोन करा ना," मी म्हटलं.

"ते ट्रेनिंगला बंगळूरला आहेत. आणि बोलू काय? तुमचं चुकलं म्हणू?"

अक्का मध्येच म्हणाल्या, "जावयाला चुकलं म्हणत नसतात."

खरी आग दुसरीकडेच लागली होती. सुशीलाचं लग्न धुळ्याच्या प्रकाशशी नानांनीच जमवलं होतं. मुलगा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. तारीखही ठरली होती. तेवढ्यात धुळ्याच्या एका सायबर कॅफेत मुलाच्या मामांनी ते पान पाहिलं. 'आधीचे मालक, एक.' मामांनी त्याचा अर्थ सरळ लावला. मुलीचं पहिलं लग्न झालेलं आहे आणि ते आपल्यापासून लपवलं आहे.

त्या दिवशी मी शब्द तेवढे तात्पुरते बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पुन्हा मोटारी. पुन्हा बदलले. तिसऱ्या सकाळी पुन्हा मोटारी. म्हटलं हे कोण करतंय? शेवटी राजेशरावांना बंगळूरला गाठलं. आवाज गोड, माणूस आनंदी.

"ताई, टेन्शन घेऊ नका. माझ्या पुण्याच्या ऑफिसातलं मशीन रोज संध्याकाळी सहा वाजता आपल्या साइटच्या फायली तपासतं. कुणी छेडछाड केलेली दिसली की मूळ फायली परत चढवतं. सगळं आपोआप होतं."

"म्हणूनच टेन्शन आहे हो," मी म्हटलं. "ते मशीन कुणाला तरी बंद करायला सांगता?"

"केबिनला कुलूप आहे. चावी माझ्याकडे. पण काळजी नको, करंट गेला तरी बॅकअप आहे."

नानांना मी सुचवलं, साइटचा पासवर्डच बदलू, म्हणजे पुण्याचं मशीन बाहेर राहील. नाना तयार झाले. अक्का म्हणाल्या, "पासवर्ड काय आहे?" पासवर्ड त्यांच्या लेकीचं नाव होतं. "जावयानं लेकीचं नाव ठेवलंय आणि आपण ते काढून टाकायचं? लेकीला काय वाटंल?" विषय तिथंच संपला.

दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवून खुलासा करायचा, असं नानांनी ठरवलं. जागा म्हणून माझी खोली, कारण कॉम्प्युटर तिथं. दुपारी सगळे आले. अमळनेरकडून सुशीलाचे वडील वामनआबा आणि सुशीला, जी तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची. धुळ्याकडून प्रकाश, त्याची आई आणि मामा. मामांनी सफारी घातला होता आणि हातात त्या पानाची छापील प्रत होती. माझ्याकडे खुर्च्या दोन. झेरॉक्सवाल्याकडून बाकडं मागवलं.

वामनआबांनी बसायच्या आधीच मला विचारलं, "ताई, मनी पोर काय गाडी शे का? बठ्ठा गावमा गाजी गयं. लोके मले इचारी ऱ्हायनात, आबा, कितलामा दिधी?"

"आबा, बसा. पोर कितीला दिली असं आता कुणी विचारणार नाही. सगळं दाखवते," मी म्हटलं आणि पान उघडलं. सकाळीच मी शब्द बदललेले होते. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं: जन्मसाल, वर्ण, आहार, बहिणी दोन, भाऊ एक. लग्न ठरले.

मला वाटलं झालं. मामांनी हातातला कागद पडद्याशेजारी धरला. पाटली धरणारे सराफ बरे म्हणायची वेळ आली.

"हे वेगळं आणि ते वेगळं," मामा म्हणाले. "म्हणजे बोभाटा झाल्यावर तुम्ही बदललंत. आम्हाला काय समजत नाही? 'आधीचे मालक' खोडून 'भाऊ' करून टाकलं. पुरावा नष्ट केला."

"मामा, खरं तेच आहे, भाऊ. हा साचा गाड्यांचा—"

"गाड्यांचा साचा लग्नाला कोण वापरतं?"

याचं उत्तर देणारे राजेशराव बंगळूरला होते. नाना उठून उभे राहिले. "मी इतकी लग्नं लावली. कुणाकडून चहाच्या वर काही घेतलं नाही. मुलीचं लग्न लपवणारा माणूस वाटतो मी तुम्हाला?"

"तुमच्याबद्दल नाही, नाना. कागदाबद्दल म्हणतोय."

सुशीला बाकड्याच्या टोकाला बसली होती. ती मला म्हणाली, "ताई, ते जुनं पान परत दाखवता येईल का? मामांकडे आहे तसं?"

"सहा वाजता आपोआप येईल," मी म्हटलं.

तर आम्ही सहा वाजायची वाट बघत बसलो. असा प्रसंग माझ्या धंद्यात पुन्हा आला नाही. दोन्हीकडचे व्याही, नवरा-नवरी, मधले नाना, सगळे कॉम्प्युटरकडे तोंड करून बसलेले. चहा झाला. भजी झाली. प्रकाशच्या आईनं अक्कांना लोणच्याचं विचारलं आणि मामांनी तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली. फोनची लाइन दोनदा तुटली. सहा वाजून गेले, मी पान पुन्हा मागवलं, आणि वरून खाली हळूहळू उलगडत आलं: मॉडेल, रंग, इंधन, दारं.

"आलं!" प्रकाशची आई ओरडली. मामांनी कागद पडद्याशेजारी धरला आणि समाधानानं मान हलवली. "हे बघा. अक्षर न् अक्षर तेच. आता बोला. आधीचे मालक, एक. कोण हा?"

सुशीला उठली. "मामा, तो खाली उभा आहे. टपरीवर चहा पितोय. वर बोलावू का?"

मामा चाचरले. "कोण... खाली...?"

"माझा भाऊ. तुम्हाला स्टँडवरून इकडं घेऊन आला तोच. आणि दारं दोन म्हणजे माझ्या दोन बहिणी. एकीच्या लग्नात तुम्ही जेवून गेलात." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, यांचं पान उघडा."

'यांचं' म्हणजे प्रकाशचं. मी उघडलं. फोटो, त्यावर लाल पट्टी. इंधन, मिश्र. दारं, एक. आधीचे मालक, तीन.

सुशीलानं ते मोठ्यानं वाचलं आणि प्रकाशला विचारलं, "तुमचे तीन मालक कोण?"

प्रकाश आतापर्यंत मामांच्या मागं अंग चोरून बसला होता. तो गंभीरपणे म्हणाला, "थोरला संजय, मधला विजय आणि धाकटा मिलिंद. तिघांनीही चांगलं वापरलं."

आधी त्याची आई हसली. मग अक्का. वामनआबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, नानांनी त्यांना कानात सांगितलं, तसे आबा बाकड्यावरून घसरायचे राहिले. "तीन धनी! आन् मले बोलस व्हय!" असं म्हणून त्यांनी मामांच्या मांडीवर थाप मारली. मामांनी कागदाची घडी घातली आणि ती सफारीच्या खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "इंधन मिश्र म्हणजे?"

"दोन्ही खातो," प्रकाशची आई म्हणाली.

"मग लग्नात मटण ठेवायला हरकत नाही," मामा म्हणाले, आणि लग्न वाचलं.

मंडळी गेल्यावर मी कामाला बसले. मामांना पटलं तरी जिल्ह्यातली बाकीची स्थळं रोज सहा वाजता मोटारी होणारच होती. साच्याबरोबर आलेलं माहितीपत्रक मी शेवटपर्यंत वाचलं. ते कुणीच वाचत नाही. त्यात एक सोय दिलेली होती. स्वतःचं एक वेगळं फोल्डर करा, साचा आधी तिथं बघेल, तिथं शब्द सापडला तर तो दाखवेल, नाही तर स्वतःचा वापरेल. एवढंच. मी मूळ फायली जशा होत्या तशा राहू दिल्या. एक अक्षर बदललं नाही. नानांचे सगळे शब्द, रंग आणि केंद्राचं बोधचिन्ह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि काय बदललं, का बदललं ते चार ओळींत तिथंच लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सहाला पुण्याच्या मशीननं तपासणी केली. मूळ फायली शाबूत. माझं फोल्डर त्याच्या यादीतच नव्हतं, त्यामुळं त्याला ते दिसलंच नाही. नवरे नवरेच राहिले.

राजेशराव परत आल्यावर त्यांचा मला आवर्जून फोन आला. "ताई, बघा, मी म्हणत होतो ना, मशीन आपोआप सांभाळून घेईल." मी हो म्हटलं. चांगला माणूस होता. पुढे बरीच वर्षं तो न चुकता नवीन आवृत्त्या चढवत राहिला आणि एकदाही काही बिघडलं नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्र मला कोणी दिलेलं नाही, आणि हेही त्याला ठाऊक नसताना दिलेलं.

आमच्या धंद्यात ही एक खंत कायमची. गिरवलेलं काम दिसतं, वेगळं ठेवलेलं काम दिसत नाही. साइट वर्षानुवर्षं नीट चालली तर गिऱ्हाइकाला वाटतं यात करण्यासारखं होतं तरी काय. सराफांच्या साइटवर पुढे तिघांनी हात फिरवला, प्रत्येकानं आधीच्याच्या वर गिरवलं, आणि शेवटी ती इतकी गुंतली की त्यांनी ती सोडून दिली. मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, "ताई, पिवळा जमला असता तर तुमचं ऐकलं असतं."

सुशीला-प्रकाशच्या मंगल परिणयाला मी अमळनेरला गेले होते. जेवणात मटण होतं. मामा स्वतः वाढत होते आणि माझ्या पानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, इंधन घ्या." पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढच्या आठवड्यातलं.

नाना, नवरा आणि नवरी पेढे घेऊन खोलीवर आले. लग्न लागल्यावर दोघांची नावं यादीतून काढायची, हा नानांचा रिवाज होता आणि तो त्यांना जोडप्याच्या हस्ते करायचा होता. केंद्र चालवणाऱ्याची पानं वेगळी असतात, ती फक्त नानाच बघत, म्हणून त्यातल्या शब्दांना मी हात लावला नव्हता. नानांनी प्रकाशचं नाव निवडलं, 'काढा' दाबलं, आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. नाना चष्मा वर करून बघत राहिले.

"काय म्हणतंय?" प्रकाशनं विचारलं.

सुशीलानं वाचलं. "गाडी भंगारात काढायची का, विचारतंय."

"नको," नाना घाईनं म्हणाले. "नवीन जोडपं आहे. ताई, आधी शब्द बदला."

"राहू द्या," सुशीला म्हणाली आणि माउस हातात घेऊन 'हो' दाबलं. तर साच्यानं कारण विचारलं. पर्याय तीनच होते. जुनी झाली, अपघात झाला, चोरीला गेली.

प्रकाश तिच्या खांद्यावरून बघत होता. सुशीलानं थोडा विचार केला आणि 'चोरीला गेली' निवडलं. मग माउस त्याच्याकडे सरकवला. "आता माझं तुम्ही करा. नीट वाचून."

त्यानं तिन्ही पर्यायांवरून बाण दोनदा फिरवला. 'अपघात'वर जरा जास्तच थांबवला. सुशीलानं पेढ्यांचा डबा बंद केला. तेव्हा त्यानं मुकाट्यानं बाण खाली नेला आणि 'चोरीला गेली' दाबलं.